शाळा तंबाखूमुक्त करायची तर: पाहणीपासून व्यसन सोडवण्यापर्यंतची वाट

शाळकरी मुलांचे धूम्रपान म्हटले की पोस्टरवर हमखास सिगारेटचे चित्र येते. महाराष्ट्रातील शाळांपुरते बोलायचे तर ते चित्र अपुरे आहे. 2016-17 च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात राज्यातील 26.6 टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखूचे सेवन करताना आढळले. त्यांत धूम्रपान करणारे 3.8 टक्के होते, तर तंबाखू खाणारे, चघळणारे किंवा दातांना लावणारे 24.4 टक्के. मूल जे घरात आणि गल्लीत पाहते तेच आधी उचलते. त्यामुळे विदर्भात खर्रा, पश्चिम महाराष्ट्राच्या काही भागांत मावा, घराघरांत मशेरी आणि जवळजवळ सर्वत्र गुटख्याची किंवा सुगंधित सुपारीची पुडी यांच्याकडे दुर्लक्ष करून केवळ सिगारेट-विडीविरुद्ध मोहीम काढणारी शाळा निम्म्याहून अधिक प्रश्न बाहेरच ठेवते. अर्थात विडी-सिगारेट शाळेत नाही असे मुळीच नाही, आणि शहरांत तिच्या जोडीला ई-सिगारेटही आली आहे.

देशपातळीवर 13 ते 15 वर्षांच्या विद्यार्थ्यांचे चौथे युवा तंबाखू सर्वेक्षण 2019 मध्ये झाले. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने केलेल्या या सर्वेक्षणात 8.5 टक्के मुले-मुली तंबाखूचे सेवन करत असल्याचे दिसले. त्याहून अस्वस्थ करणारी बाब सुरुवातीच्या वयाची आहे. सिगारेट ओढून पाहिलेल्यांपैकी 38 टक्के, विडी ओढून पाहिलेल्यांपैकी 47 टक्के आणि धूरविरहित तंबाखू घेऊन पाहिलेल्यांपैकी 52 टक्के मुलांनी वयाच्या दहाव्या वर्षाआधीच सुरुवात केलेली होती. नववी-दहावीच्या वर्गांपुरते व्याख्यान ठेवून समाधान मानण्याची पद्धत किती उशिराची आहे, हे यावरून कळते. खालील मार्गदर्शन मुख्याध्यापक, शिक्षक आणि शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य यांना समोर ठेवून लिहिले आहे. त्यातील क्रम मुद्दाम ठरवलेला आहे: आधी मोठी माणसे, मग दुकाने, मग वर्ग, आणि व्यसनात अडकलेल्या मुलाशी शिक्षेने नव्हे तर उपचाराच्या भावनेने वागणे. बहुतेक शाळा हा क्रम नेमका उलटा लावतात आणि वर्षभरात दमतात.

पहिली पायरी: न बोलता पाहणी

परिपाठात घोषणा करण्यापूर्वी आठवडाभर शांतपणे पाहणी करावी. घोषणा झाली की पुड्या लपतात. स्वच्छतागृहांची मागची बाजू, पाण्याच्या टाकीजवळची जागा, कुंपणाचा न दिसणारा कोपरा, गच्चीचा जिना, सायकल स्टँड आणि मैदानाच्या कडेची झाडे ही ठिकाणे मधल्या सुट्टीनंतर आणि शाळा सुटल्यानंतर तपासावीत. रिकाम्या पुड्या, खर्रा घोटण्यासाठी वापरलेले प्लॅस्टिकचे तुकडे, विडी-सिगारेटची थोटके, भिंतीवरचे लाल डाग, काय कुठे सापडले ते तारखेसह लिहून ठेवावे. शिक्षक खोलीच्या खिडकीखालची जागाही या यादीत असावी; तिथे काही सापडले तर दुसऱ्या पायरीचे काम आपोआप स्पष्ट होते.

त्यासोबत पाचवीपासून पुढच्या वर्गांत नाव न लिहिता भरायची एक छोटी चिठ्ठी द्यावी. तिच्यात “तू खातोस का?” हा प्रश्न नको, कारण त्याला खरे उत्तर मिळत नाही आणि मुले सावध होतात. त्याऐवजी शाळेजवळ काय मिळते, किती रुपयांना मिळते, दुकानदार वय विचारतो का, मोठी माणसे पुडी आणायला पाठवतात का, एवढेच विचारावे. चिठ्ठ्या वर्गशिक्षकाने गोळा न करता एका बंद पेटीत टाकायला सांगाव्यात, आणि हस्ताक्षरावरून कोणाचा शोध घेण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. एका मुलाला जरी असे शोधून काढले, तरी पुढच्या वेळी पेटीत एकही खरी चिठ्ठी येणार नाही.

दुसरी पायरी: शाळेतील मोठ्यांचा नियम

तोंडात तंबाखूचा बार भरलेल्या शिक्षकाने दिलेले व्यसनमुक्तीचे व्याख्यान मुलांना फक्त विनोदी वाटते. म्हणून पहिली बैठक विद्यार्थ्यांची नसून कर्मचाऱ्यांची असावी. शिक्षक, लिपिक, शिपाई, पोषण आहार शिजवणाऱ्या महिला, शालेय वाहनांचे चालक, बांधकामाचे मजूर आणि शाळेत येणारे पालक या सर्वांना एकच नियम लागू असेल: शाळेच्या आवारात कोणत्याही स्वरूपात तंबाखू आणायचा नाही आणि वापरायचा नाही. हा नियम शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावात आणि शाळेच्या आचारसंहितेत लिहून घ्यावा. तोंडी ठरलेल्या गोष्टी मुख्याध्यापकांच्या बदलीबरोबर जातात. शाळेची इमारत लग्नकार्यासाठी किंवा मतदान केंद्र म्हणून वापरली जात असेल, तर तिथेही हीच अट घालावी, नाहीतर सोमवारी सकाळी मुलांना वर्गाच्या कोपऱ्यात पिचकाऱ्या दिसतात.

जे सहकारी अनेक वर्षांपासून तंबाखू घेत आहेत त्यांना अपमानित करून काही साधत नाही. त्यांच्यापैकी एकाने जरी सर्वांना सांगून सोडण्याचा प्रयत्न सुरू केला, तरी त्याचा मुलांवरचा परिणाम दहा भित्तिपत्रकांहून मोठा असतो. मात्र एका बाबतीत सवलत असू नये. “जा रे, टपरीवरून पुडी घेऊन ये” हे वाक्य कोणत्याही शिक्षकाच्या तोंडून पुन्हा कधी निघता कामा नये. अठरा वर्षांखालील मुलाला तंबाखूजन्य पदार्थ विकणे हा गुन्हा आहे, आणि असे पाठवणे म्हणजे त्या गुन्ह्याला शाळेने दिलेली मान्यता होय.

तिसरी पायरी: फलक आणि शंभर यार्ड

सिगारेट व अन्य तंबाखूजन्य पदार्थांविषयीचा कायदा 2003 चा आहे आणि तो बोलीभाषेत ‘कोटपा’ या नावाने ओळखला जातो. शाळेच्या दृष्टीने त्यातली दोन कलमे महत्त्वाची आहेत. कलम 4 सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानास मनाई करते. कलम 6 अठरा वर्षांखालील व्यक्तीस तंबाखू विकण्यास, तसेच शैक्षणिक संस्थेपासून शंभर यार्डांच्या परिसरात तंबाखू विकण्यास मनाई करते. शंभर यार्ड म्हणजे सुमारे 91 मीटर.

या मोजणीत दोन चुका नेहमी होतात. पहिली चूक म्हणजे फाटकापासून मोजणे. नियमानुसार मोजणी संस्थेच्या भिंतीच्या किंवा कुंपणाच्या बाहेरील हद्दीपासून, सर्व बाजूंनी करायची असते, त्यामुळे मैदानाच्या मागच्या कुंपणाला लागून असलेली टपरीही या कक्षेत येते. दुसरी चूक म्हणजे रस्त्याच्या वळणांनुसार मोजणे. अंतर सरळ रेषेत धरायचे असते. शाळेच्या नकाशावर हद्दीभोवती 91 मीटरची रेषा काढून तिच्या आत येणारे प्रत्येक दुकान टिपून घ्यावे, आणि जिथे रस्ता ही हद्द ओलांडतो तिथे ग्रामपंचायतीच्या किंवा नगरपालिकेच्या परवानगीने पिवळा पट्टा मारून घ्यावा. दुकान शाळेच्या आधीपासून आहे, हा युक्तिवाद हमखास ऐकू येतो. पण कायद्यात अशा दुकानाला सूट दिलेली नाही.

फलक दोन प्रकारचे लागतात. आवारात ‘तंबाखूमुक्त क्षेत्र’ असा फलक ठळक जागी लावून त्यावर तक्रार कोणाकडे करायची त्या व्यक्तीचे पदनाम आणि दूरध्वनी क्रमांक लिहावा. प्रवेशद्वारावर आणि कुंपणाच्या भिंतीवर ‘तंबाखूमुक्त शैक्षणिक संस्था’ असा फलक लावून, शंभर यार्डांत तंबाखूजन्य पदार्थांची विक्री करणे हा दोनशे रुपयांपर्यंत दंडाचा गुन्हा असल्याचे नमूद करावे. क्रमांक न लिहिलेला फलक केवळ शोभेचा असतो. आवारात कोणी धूम्रपान करताना आढळल्यास दंड करण्याचा अधिकार मुख्याध्यापकांना आहे. हे पुष्कळांना ठाऊक नसते. आणि ठाऊक असलेलेही पावती पुस्तकाअभावी तो वापरत नाहीत. म्हणून जिल्हा रुग्णालयातील तंबाखू नियंत्रण कक्षाकडे पावती पुस्तकाची मागणी लेखी करावी.

चौथी पायरी: टपरी

या पायरीवर एकट्या शिक्षकाने जाऊ नये. गावात टपरीवाला कोणाचा तरी भाऊ, मामा किंवा मतदार असतो, आणि त्याच्याशी भांडण घेणाऱ्या शिक्षकाला पुढची काही वर्षे त्याच गावात नोकरी करायची असते. व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष, दोन-तीन पालक (त्यांत माता असतील तर उत्तम), पोलीस पाटील आणि मुख्याध्यापक यांनी मिळून आधी बोलायला जावे. बोलणे धमकीचे नसावे. वह्या, पेन, चिवडा, शेंगदाण्याची चिक्की, लिंबू सरबत यांवरही शाळेजवळचे दुकान चालते, हे त्याला हिशेबाने दाखवता येते. पंधरा दिवसांची मुदत देऊन पत्राची पोच घ्यावी.

मुदत संपल्यावर तक्रार करताना कोणता पदार्थ कोणत्या कायद्यात येतो, हे नीट कळले पाहिजे, कारण चुकीच्या कार्यालयात दिलेला अर्ज महिनोन्महिने फिरत राहतो. गुटखा, पानमसाला, सुगंधित तंबाखू आणि सुगंधित सुपारी यांवर महाराष्ट्रात अन्न सुरक्षा कायद्याखालील आदेशांनी बंदी आहे. गुटख्यावरील बंदी जुलै 2012 पासूनची आहे. म्हणून अशी पुडी शंभर यार्डांच्या आत मिळो वा बाहेर, तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे आणि पोलिसांकडे करावी. सुटी सिगारेट किंवा सुटी विडी विकण्यास राज्याने सप्टेंबर 2020 मध्ये मनाई केली. ही तरतूद शाळांच्या फार उपयोगाची आहे, कारण खिशात पाच-दहा रुपये असलेले मूल पाकीट विकत घेत नाही, ते एक कांडी घेते. ई-सिगारेटवर 2019 च्या कायद्याने संपूर्ण देशात बंदी असून तिची विक्री, साठा आणि जाहिरात हे सर्व गुन्हे आहेत. तिथे वयाचा प्रश्नच येत नाही.

दोनशे रुपयांचा दंड टपरीवाल्याला जाचत नाही, हे मान्यच केले पाहिजे. एका सकाळच्या विक्रीत तो भरून निघतो. खरी जरब 2015 च्या बालन्याय कायद्याच्या कलम 77 मध्ये आहे. मुलाला तंबाखूजन्य पदार्थ देणाऱ्यास किंवा द्यायला लावणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड अशी त्यात तरतूद आहे. पहिल्या भेटीतच या कलमाची छापील प्रत दुकानदाराच्या हातात दिली की पुष्कळदा पुढे काही करावे लागत नाही. पुरावा म्हणून मुलांना पुडी विकत आणायला पाठवून छायाचित्रे काढण्याची कल्पना काही उत्साही मंडळींना सुचते. ती कदापि अमलात आणू नये. आणखी एक गोष्ट पाहावी. काही दुकानांत वडील शेतावर गेले की शाळेतलाच एखादा मुलगा गल्ल्यावर बसतो. अठरा वर्षांखालील व्यक्तीने तंबाखू विकणे किंवा हाताळणेही नियमबाह्य आहे, आणि तो मुलगाच वर्गाचा पुरवठादार ठरण्याचा संभव असतो.

पाचवी पायरी: वर्गात काय शिकवायचे

31 मे हा जागतिक तंबाखूविरोधी दिन आपल्याकडे नेमका उन्हाळ्याच्या सुट्टीत येतो. त्या दिवशी रिकाम्या शाळेत शपथ घेतल्याची छायाचित्रे पाठवण्यापेक्षा जूनमध्ये शाळा उघडल्यावर पहिल्या पंधरवड्यात खरा कार्यक्रम घ्यावा. नवीन वर्ग, नवीन मित्र आणि पाचवी किंवा आठवीसाठी बदललेली शाळा, हाच काळ जोखमीचा असतो.

कर्करोगाची भयंकर छायाचित्रे दाखवून मुले क्षणभर घाबरतात, परंतु चाळिसाव्या वर्षी होणारा रोग बारा वर्षांच्या मुलाला फार दूरचा वाटतो. त्याला आज जाणवणारे सांगावे: धाप लागून धावण्यात मागे पडणे, तोंडाची दुर्गंधी, दातांवरचे डाग, तिखट घास न सोसणे. गणिताच्या तासाला रोजच्या दहा रुपयांचे वर्षाला 3,650 रुपये होतात आणि तेवढ्यात क्रिकेटची बॅट येते की सायकलची दुरुस्ती होते, हे मुलांकडूनच काढून घ्यावे. विज्ञानाच्या तासाला निकोटिन मेंदूवर कसे काम करते ते शिकवावे. वाढत्या वयातील मेंदूला त्याची सवय लवकर जडते, आणि रोज न घेणाऱ्या मुलालाही तलफ जाणवू शकते, ही माहिती “मी कधीतरीच घेतो” म्हणणाऱ्यासाठी आहे.

सुपारीविषयी स्वतंत्र तास हवा. सुपारीत तंबाखू नसतो म्हणून ती चालते, असा समज पालकांत आणि शिक्षकांतही घट्ट आहे. वस्तुतः जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सुपारीला स्वतंत्रपणे कर्करोगकारक ठरवलेले आहे, आणि तोंड हळूहळू कमी उघडत जाण्याचा विकार प्रामुख्याने सुपारीमुळे होतो. तिसरी-चौथीतल्या मुलाच्या हातातील रंगीत, गोड सुपारीची पुडी ही बहुधा पुढच्या पुडीची पूर्वतयारी असते. मशेरीची गोष्ट वेगळी आहे. ती घरात, आजी-आईच्या हाताने, दात घासण्याच्या निमित्ताने मुलींपर्यंत पोहोचते. “दात दुखत नाहीत”, “पोट साफ होते” अशी तिची कारणे असतात. तिला व्यसन म्हणून झोडपण्याऐवजी दातदुखीवर उपचार मिळवून देणे, म्हणजे शालेय आरोग्य तपासणीच्या पथकाकडून दंतवैद्याकडे पाठवणे, अधिक परिणामकारक ठरते.

नकार देण्याचा सराव मात्र वर्गात प्रत्यक्ष करून घ्यावा, आणि तो पुस्तकी भाषेत नको. “मित्रा, तंबाखू आरोग्यास हानिकारक आहे” असे कोणतेही मूल मित्राला म्हणत नाही. “नको रे, मॅच आहे”, “आमचे अण्णा वास ओळखतात”, “मला नाही जमत, तू चल पुढे” अशी वाक्ये मुलांनीच आपल्या बोलीत तयार करावीत आणि दोघा-तिघांच्या गटात म्हणून पाहावीत. दोनदा आग्रह झाल्यावर तिसऱ्यांदा काय म्हणायचे, याचा सराव सर्वांत महत्त्वाचा.

सहावी पायरी: मूल सापडले तर

कितीही तयारी केली तरी एखाद्या दिवशी आठवीतला मुलगा स्वच्छतागृहामागे पुडीसह सापडतोच. पुढच्या तासाभरात शाळा कशी वागते, यावर त्याचे व्यसन सुटणार की लपणार हे ठरते. वर्गासमोर दप्तर उलटे करणे, परिपाठात उभे करणे, मारणे, दाखला हातात देण्याची धमकी देणे, हे सर्व प्रकार निषिद्ध समजावेत. शिक्षण हक्क कायद्यानुसार शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना मनाई आहे, आणि प्राथमिक शिक्षण म्हणजे आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. शिवाय शाळेबाहेर काढलेले मूल दिवसभर कुठे बसते? टपरीवरच.

ज्या शिक्षकावर किंवा बाईंवर मुलांचा विश्वास आहे त्यांनी एकांतात, पण दार उघडे ठेवून बोलावे. सुरुवात अशी करता येईल: “अरे, मी तुला रागवायला बोलावलेलं नाही. घरी काय सांगायचं ते आपण दोघं मिळून ठरवू. आधी मला सांग, पहिल्यांदा कोणी दिली?” त्यानंतर काय घेतो, केव्हापासून, दिवसातून किती वेळा, सकाळी उठल्यावर किती वेळाने पहिली तलफ येते, आणि कोणत्या वेळी न घेता राहवत नाही, हे विचारावे. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत लागत असेल तर सवय पक्की झालेली आहे आणि केवळ समजूत पुरणार नाही. कारणही शोधावे. ऊसतोडीला जाणाऱ्या किंवा वीटभट्टीवर राबणाऱ्या कुटुंबांतील मुले भूक आणि थकवा मारण्यासाठी तंबाखू घेतात. तिथे उपदेशापेक्षा पोटभर जेवणाची आणि हंगामी वसतिगृहाची व्यवस्था आधी पाहावी लागते. मुलाला पुडी देणारा एखादा प्रौढ निघाला तर तो कलम 77 चा विषय आहे, मुलाचा नव्हे.

मग सोडण्याचा दिवस ठरवावा, तो आठ-दहा दिवसांच्या आतला असावा. परीक्षेचा आठवडा, घरातील लग्न किंवा जत्रा यांच्या तोंडावर तो ठेवू नये. आदल्या संध्याकाळी उरलेल्या पुड्या मुलाने स्वतः टाकाव्यात. पहिले तीन दिवस सर्वांत कठीण असतात: चिडचिड, डोके दुखणे, झोप न लागणे, अभ्यासात लक्ष न लागणे ही लक्षणे दिसतात आणि साधारण दोन ते चार आठवड्यांत ओसरतात. हे आधीच सांगितले नाही, तर मुलाला वाटते की आपल्याला काहीतरी झाले आहे आणि पुडीच त्यावरचे औषध आहे. विषयशिक्षकांनाही, कारण न सांगता, त्या आठवड्यात त्याला जरा सांभाळून घेण्याची विनंती करावी. तलफेची लाट काही मिनिटांची असते. तेवढा वेळ थांबणे, घोट-घोट पाणी पिणे, दीर्घ श्वास घेणे आणि जागा सोडून दुसरे काही करणे, एवढे चार उपाय पाठ करून द्यावेत. तोंडाला चाळा म्हणून बडीशेप, लवंग, भाजलेले चणे चालतील, सुपारी नाही. निकोटिनच्या गोळ्या वा च्युइंगगम दुकानातून आणून मुलाला देऊ नयेत. तो निर्णय डॉक्टरांचा आहे.

तोंडाची तपासणी त्याच आठवड्यात व्हावी. स्वतःची तीन बोटे उभी धरून तोंडात घालता येतात का, हे मूल स्वतः पाहू शकते. तोंड तेवढे उघडत नसेल, गालाच्या आतून पांढरा किंवा लाल चट्टा दिसत असेल, तिखटाने आग होत असेल किंवा दोन आठवड्यांत न भरणारी जखम असेल, तर विलंब न करता दंतवैद्याकडे किंवा जिल्हा रुग्णालयात न्यावे. समुपदेशनासाठी 1800-11-2356 ही तंबाखू सोडण्यासाठीची राष्ट्रीय विनाशुल्क सेवा आहे. पहिला फोन शिक्षकाने मुलाला सोबत बसवून करावा, कारण अनोळखी माणसाशी एकट्याने बोलायला ही मुले धजावत नाहीत.

पालकांना कळवायचे, पण मुलाला सांगून आणि शक्यतो त्याच्या उपस्थितीत. वडील स्वतः तंबाखू घेत असतील तर संभाषण अवघडते. त्यांना एवढेच मागावे की घरात मुलासमोर घेऊ नये आणि त्याला आणायला पाठवू नये. पुष्कळ वडील याला तयार होतात. सुटलेली सवय महिन्याभरात पुन्हा लागली तर तो अपयशाचा शिक्का समजू नये. कोणत्या प्रसंगी घेतली ते विचारून नवा दिवस ठरवावा. पहिल्या आठवड्यात रोज, नंतर आठवड्यातून एकदा आणि तीन महिन्यांपर्यंत पंधरा दिवसांतून एकदा दोन मिनिटांची विचारपूस पुरते. दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर ती आवर्जून करावी.

सातवी पायरी: टिकवणे

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या 2019 च्या मार्गदर्शक सूचनांत तंबाखूमुक्त शैक्षणिक संस्थेसाठी नऊ निकष आहेत. फलक, आवारात सेवनाच्या खुणा नसणे, जनजागृतीचे साहित्य, सहा महिन्यांत किमान एक उपक्रम, तंबाखू निरीक्षकांची नेमणूक, आचारसंहितेतील नियम, शंभर यार्डांची आखणी आणि त्या कक्षेत विक्री नसणे हे सर्व त्यांत येते, आणि वरील पायऱ्या पार पाडलेल्या शाळेला ते निकष वेगळे कष्ट न घेता पूर्ण करता येतात. निरीक्षक म्हणून विद्यार्थी नेमायचे तर त्यांचे काम फलक, उपक्रम आणि स्वच्छता यांपुरते ठेवावे. मित्रांची नावे कळवणारे हेर त्यांना बनवू नये. पहिल्या पायरीतील पाहणी दर जूनमध्ये आणि दिवाळीनंतर पुन्हा करून जुन्या नोंदींशी ताडून पाहावी.

बदलून जाणाऱ्या मुख्याध्यापकांनी एक धारिका मागे ठेवावी. तिच्यात समितीचा ठराव, 91 मीटरच्या हद्दीचा नकाशा, दुकानदारांना दिलेल्या पत्रांच्या पोचा, तक्रारींचे आवक क्रमांक, पावती पुस्तक, जिल्हा तंबाखू नियंत्रण कक्षाचा आणि पोलीस ठाण्याचा दूरध्वनी क्रमांक, तसेच पाहणीच्या नोंदी असाव्यात. व्यसन सोडण्याचा प्रयत्न करणाऱ्या मुलांची नावे त्या धारिकेत लिहू नयेत. ती माहिती ज्या शिक्षकाने त्यांच्याशी पहिले बोलणे केले त्याच्याकडेच राहावी, आणि तोही बदलून जात असेल तर मुलाला विचारूनच पुढच्या शिक्षकाच्या स्वाधीन करावी.